दातांनी ऐकायची गिटार

पत्र्याच्या टाक्या ठोकण्यात तीस वर्षं गेली, म्हणून सगळे त्यांना ठोकेकाका म्हणत. त्या ठोकाठोकीत कान पार कामातून गेले, कानातल्या यंत्रानंही हात टेकले, पण गिटार काही सुटली नाही. काका तिच्या कडेत दात रोवायचे आणि तार छेडायचे. सूर लाकडातून दातांत, दातांतून थेट डोक्यात शिरायचा. तारा जुळवायच्या त्याही अशाच. "उंदरानं कुरतडली का हो?" कडेवरचे व्रण बघून पाहुणे विचारायचे. "उंदरानं नाही, आमच्या ह्यांनी," काकू सांगायच्या.

साठी उलटली आणि हिरड्यांनी दगा दिला. सगळे दात काढावे लागले. कवळी बसवून आले त्या दिवशी काकांनी चहासुद्धा घेतला नाही. नवे दात जुन्या व्रणांवर टेकवले आणि तार छेडली. हिरड्यांवर कवळी तेवढी खडखडली. पुन्हा छेडली. मेली खडखडच.

काकू आशेनं बघत होत्या. "येतंय ना ऐकू?" त्यांनी खुणेनं विचारलं. काकांनी हसून मान डोलावली.

चुकलं ते तिथंच. आता रोज संध्याकाळी काकू न चुकता गिटार आणून देतात आणि काका वाजवतात. तारा केव्हाच बेसूर झाल्यात. काकू समोर बसून मान डोलावतात.