अल्माझने भरवलेला घास

तेलाशिवाय कांदा परतला की त्याला किंचित करपट वास येतो. आज कढईत कांदा टाकून मी तेलाची बाटली शोधत राहिले, तेवढ्यात तो वास आला आणि मी दुबईतल्या देरा भागातल्या त्या जुन्या फ्लॅटमध्ये पोचले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आई वारल्याचा साताऱ्याहून फोन आला होता. माझा पासपोर्ट व्हिसा स्टॅम्पिंगला गेलेला, त्यामुळे जाता आलं नाही. शेजारची इथिओपियन अल्माझ न विचारताच किचनमध्ये शिरली. आपल्यासारखंच तिच्याकडेही दुःखाच्या घरी शेजारी जेवण करतात. तिने कोरडाच कांदा परतला, लाल तिखट, मसूर आणि मटण घालून रस्सा शिजवला.

"सुतकात मटण?" नवरा हळूच म्हणाला. "सांग तिला."

मी सांगितलं नाही. आंबोळीसारख्या आंबूस पोळीत रस्सा गुंडाळून अल्माझने घास माझ्या तोंडाशी धरला. "खाओ, सिस्टर. मम्मा गया, तुम खाओ."

मी खाल्ला. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, ते मग थांबेचना.

सुतक मोडल्याचं तेव्हा बरेच दिवस बोचत राहिलं. आता एवढंच आठवतं, की त्यानंतर मला कुणी घास भरवलेला नाही.