आमच्या दाराची बेल उरणच्या बांधावर

कोपरखैरण्यातून स्कूटर काढली तेव्हा बायकोने बाल्कनीतून अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बेल दुरुस्त करणार होतास ना? अजून डिकीतच लोळतेय!" खरं होतं. आमची बेल बिनबॅटरीची; बटण दाबणाऱ्याच्या बोटाच्या जोरावरच तिची वीज तयार होते. बटण ठणठणीत होतं, आतला भोंगा बसला होता. "आधी उरण, मग बेल," म्हणून मी सटकलो.

माझा धंदा यंत्रांना झोपवण्याचा. रबाळ्याच्या गाळ्यात मी कमी विजेवर चालणारे बिनतारी सेन्सर बनवतो. तळहाताएवढा खोका क्षणभर जागा होतो, पाणी मापतो, शेजारच्या खोक्याला रेडिओवरून निरोप देतो आणि पुन्हा घोरायला लागतो. (बायकोच्या मते ही कल्पना मला आरशात सुचली.) असे खोके मी द्रोणागिरीपलीकडच्या एका खाडीकाठच्या गावात बांधावर ओळीने बसवले होते. पहिला उघाडीवर, शेवटचा गावात; तिथून निरोप सगळ्यांच्या फोनवर. उघाडी म्हणजे बांधातलं झडपेचं दार. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं, भरतीला आपोआप मिटतं. त्यात ओंडका अडकला तर खारं पाणी भातात शिरतं, म्हणून दर उधाणाला (मोठ्या भरतीला) माणसं पहाऱ्याला बसायची. गावच्या हिराकाकींनी माझ्या शब्दावर तो पहारा बंद करवला होता. "पाच वर्षं बॅटरीला हात लावायचा नाही," असं मी देवळासमोर छाती फुगवून सांगितलं होतं. आणि काल काकींचा फोन आला, उघाडीवरचा खोका गप्प. आज पौर्णिमा, भर दुपारी उधाण.

बेलापूर मागे पडलं की रस्ता कंटेनरच्या ट्रेलरांचा. दोन ट्रेलरांमध्ये माझी स्कूटर म्हणजे जात्यातला दाणा. गोदामं संपली आणि एकदम हिरवंगार भात दिसलं, तिथे चहाला थांबलो. टपरीवाल्याने माझ्या पिशवीतून डोकावणारी अँटेना पाहिली.

"खोकेवाले काय तुमी? आपन पन दाबलंय ते बटन! हिरवा दिवा लागतो ना, झकास!"

"तुम्ही? कशाला?"

"हिराकाकीच्या व्याह्यांसंगत गेलतो. पावना आयला का काकी पहिला खोका दाखवते, मंग जेवन."

मी कप खाली ठेवला. ते बटण मी फक्त बसवताना तपासणीसाठी ठेवलं होतं. दाबलं की दिवा, रेडिओ, सगळी वरात जागी. मुंगीच्या खर्चात जगणारं यंत्र मी बनवलं, पण बटण दिसलं की माणूस दाबणारच, एवढंच हिशेबात धरलं नव्हतं. माझा खोका पाहुणचाराने मेला होता.

बांधावर हिराकाकी आणि त्यांचे दीर बाबूराव उभे होते.

"आयलास? निजला का मेला, तेवरा सांग, बाला," काकी म्हणाल्या.

"पाच वर्सं चालनार होता ना?" बाबूराव हसले. "पाच पुनवा पन नाय काढल्या! वयनी, पहारा बसवा परत."

काकींनी वळून शेताकडे पाहिलं. भात नुकतं निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या. खोका माझा होता, पण गावात शब्द त्यांचा गेला होता.

मी बॅटरी बदलली आणि बटण कापायला पक्कड काढली.

"बटन काढशील, मंग खोका जिता हाय ते लोकांनी कसा समजावा? दिसाया नको?"

बाईंचं म्हणणं रास्त होतं. मी डिकी उघडली, घरच्या बेलचं बटण काढलं आणि जुन्याच्या जागी खोक्याला जोडलं. खोका जिवंत असेल तरच दिवा लागणार, पण दिव्याची वीज दाबणाऱ्याच्या बोटाची. "आता दाबा हवं तेवढं!"

काकींनी दाबलं. टक्. हिरवा. मग बाबूरावांनी दाबलं. मग पुन्हा बाबूरावांनी.

दुपारी काकींकडे तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (चिखलात उड्या मारणाऱ्या माशांचं) कालवण होतं. तिसऱ्या भाकरीला हात घातला आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले: उघाडीतून पाणी आत.

"दाबून दाबून याडा झाला त्यो," बाबूराव म्हणाले. काकी मात्र उष्ट्या हाताने धावत सुटल्या. आम्ही मागे.

झडपेत खरंच एक ओंडका आडवा बसला होता आणि खाडी फेसाळत आत घुसत होती. बाबूरावांनी बांबू लावला. मीही शौर्याने पुढे झालो आणि कमरेपर्यंत चिखलात गेलो. गावकऱ्यांनी आधी ओंडका काढला, मग मला. झडप धाडकन मिटली. पाणी चरापर्यंतच पोचलं होतं, भात कोरडं. माझी एक चप्पल खाडीने ठेवून घेतली.

"मग, पहारा कधीपासून?" मी बाबूरावांना विचारलं.

"उनात कोन बसतंय? खोका हाय ना!" म्हणत त्यांनी परत बटण दाबलं. काकींनी पदराने खोक्यावरचा चिखल पुसला. माझ्याही तोंडावरचा पुसला असता, पण मी अंगात आलेल्या अभिमानाने आधीच लांब उभा होतो.

एका चपलेने घरी पोचलो. बेल नव्हती, म्हणून थाप मारली.

"बेल लागली का?" बायकोने विचारलं.

"लागली. उरणच्या बांधावर."

ती माझ्या पायांकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिने पाणी तापत ठेवलं.

तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्याला दारावर थाप मारावी लागते. मी दार उघडतो, आणि पाणी विचारायच्या आधी बेल कुठे गेली ते सांगतो. मंग जेवन.