पुलावरून गेलेले भाऊजी

"चालेल. पण पास नाही."

कुठलीही वस्तू हातात आली की भाऊजी ती डोळ्यांच्या रेषेत धरायचे, डावा डोळा मिटायचे, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि हे म्हणायचे. मग ते कारखान्यातलं टर्बाइनचं पातं असो की मी ताटलीत घालून नेलेला बेसनाचा लाडू. माझा लाडू त्यांनी एकदा असाच नखाने तपासला. म्हणाले, "वहिनी, चवीला चालेल. पण गोलाई नाही." मी इंदूरची, ऐकून घेणारी थोडीच! म्हटलं, "भाऊजी, तो गिळायचाय, शाफ्टवर नाही चढवायचा." हसले, दोन लाडू खाल्ले आणि तिसरा खिशात घालून ड्यूटीवर गेले.

तुमच्याही शेजारात असा एखादा असेलच. नसेल तर तुमचं नशीब चांगलं, आणि थोडं वाईटही. भोपाळला पिपलानीच्या क्वार्टरमध्ये आमची त्यांची भिंतीला भिंत होती. ते इन्स्पेक्शनला, माझे मिस्टर फौंड्रीत. म्हणजे यांनी ओतायचं आणि त्यांनी नापास करायचं. संध्याकाळी दोघं एकाच बाकावर चहा प्यायचे, पण त्या विषयावर चकार शब्द नाही. मुलीला बघायला मुलगा आला तेव्हा भाऊजी त्याच्याशी बोलायचं सोडून दारातल्या त्याच्या बुटाची टाच बघत बसले. आत येऊन बायकोला म्हणाले, "एका बाजूने झिजलीय. तिरका चालतो." सुमनताईने डोळे वटारले म्हणून ते लग्न झालं. नाहीतर पोरगी अजून घरात असती.

सुमनताई म्हणजे त्यांची बायको. शांत बाई. कमी बोलायची, पण बोलली की तो विषय संपला. तिची एकच इच्छा होती, नर्मदेची परिक्रमा. तिच्या आईने पायी केली होती. हिचे गुडघे मात्र चाळिशीतच संधिवाताने धरले, मग मनगटं, मग बोटं. दिवाळीच्या चकल्या पाडताना सोऱ्या फिरेना तेव्हा मी तो तिच्या हातातून घेतला. ती नुसती हसली आणि म्हणाली, "पायी नाही झाली तरी गाडीने होते म्हणे. पण बसमध्ये चढायचं कसं गं?" भाऊजी तिथेच पेपर वाचत होते. पान मात्र पुढे उलटलं नाही.

पुढच्याच आठवड्यात ट्रॅक्टरला दोर बांधून आमच्या गल्लीत एक गाडी आली. कारखाना उभारायला परदेशातून इंजिनिअर आले होते, त्यांच्यापैकी कुणाची तरी ही फिरती घरगाडी. साहेब परत गेला आणि गाडी क्लबामागच्या शेडमध्ये कबुतरांना राहिली. आत घडीचा पलंग, भातुकलीएवढं सिंक, कपाटं, फुलाफुलांचे पडदे. बायका आत डोकावून "अगंबाई" म्हणत होत्या. इंजिन मात्र गंजून दगड झालेलं. चालू होती तेव्हासुद्धा ती पेट्रोल अशी प्यायची, की शेजारच्या सीहोरला जाऊन यावं आणि महिनाभर वरणभात खावा. आणि सुटे भाग सातासमुद्रापार.

"डिझेल बसवणार," भाऊजी म्हणाले.

झालं! सगळी टाउनशिप इंजिनिअरांची, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, वजनाने पुढच्या स्प्रिंगचा पाटा दबेल. कुणी म्हणालं, चेसिस फाटेल. भाऊजींनी कबाडखान्यातून एका टेम्पोचं डिझेल इंजिन उचलून आणलं. सोबत तिथले एक मिस्त्री आले, मुन्नेभाई, तोंडात सदा पान. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि अस्सल भोपाळीत म्हणाले, "को खाँ, दुल्हन तो नाज़ुक है, और दूल्हा आप पहलवान ले आए!"

खरंच होतं ते. पेट्रोलच्या नाजूक जागेत डिझेलचं धूड बसवायचं म्हणजे सगळंच हलवावं लागतं. आधी नाक खाली गेलं, मग जास्तीच्या पट्ट्या टाकून स्प्रिंग जाड केली. इंजिन उलट्या अंगाने बसवावं लागलं, तेव्हा गिअरचे दांडे फिरवून घ्यावे लागले आणि सगळे गिअर उलटेपालटे झाले. पहिला टाकायला गेलं की गाडी मागे जायची. ब्रेकला इंजिनाची मदत मिळेना, तर त्यावर अक्षरशः उभं राहावं लागायचं. बंद करायला तार ओढायची, आणि त्या तारेला भाऊजींनी स्वयंपाकघराच्या दाराची जुनी मूठ लावली होती. मुन्नेभाई म्हणाले, "साहब, इसे आपके अलावा कोई माई का लाल नहीं चला पाएगा." भाऊजींना ती तारीफ वाटली. मलासुद्धा तेव्हा तसंच वाटलं.

सुमनताईसाठी मात्र एकेक गोष्ट अशी केली होती की बघत राहावं. दाराशी इतकी बुटकी पायरी, की गुडघा जेमतेम वाकावा. धरायला दांडा, त्यावर कापड गुंडाळलेलं, कारण थंडीत तिला लोखंड सोसायचं नाही. सिंकचा नळ काढून लांब दांडीचा बसवला, कोपराने उघडता येईल असा. हे सगळं त्यांनी तिला काही न विचारता केलं. ती घरात वावरताना बघून बघून केलं असणार.

आणि एवढं करून गाडी पास होईना!

इंजिन चालू केलं की ते पुढच्या फळीवर रुपयाचं नाणं कडेवर उभं करायचे. नाणं पडलं की गाडी नापास. डिझेलच ते, थरथरणारच! नाणं पडायचं, पलंग खडखडायचा, कपाटातल्या कपबश्या भजन करायच्या. भाऊजी पुन्हा गाडीखाली शिरायचे. चातुर्मास संपला, परिक्रमा सुरू व्हायच्या दिवसांत लोक निघाले की सुमनताई विचारायची, "या वर्षी?" भाऊजी म्हणायचे, "रबर बदलतो. पुढच्या वर्षी नक्की." असे तीन हिवाळे गेले. तिची बोटं आता वाटीही धरेनात. मला चीड यायची. एकदा फटकारलंच, "भाऊजी, गाडी सुधारतेय आणि ती बिघडतेय, दिसत नाही का तुम्हाला?" त्यांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, "वहिनी, वाटेत जंगलात बंद पडली तर हिला घेऊन मी काय करू?" तो माणूस घाबरलेला होता हो. मला तोवर कळलंच नव्हतं.

त्याच साली ते रिटायर झाले. क्वार्टर सोडून अवधपुरीच्या नव्या घरात जायचं होतं. एका सकाळी इंजिन धडधडत होतं आणि भाऊजी नाणं उभं करत होते. पडलं, पुन्हा उभं केलं, पुन्हा पडलं. सुमनताई काठी टेकत आली, पायरीवर पाय ठेवून आत बसली आणि ते नाणं तळहाताने ओढून पदरात घेतलं.

"हे नर्मदामैयाला वाहते. पुलावर पोचेपर्यंत नीट चालवा."

"अगं, पण पास नाही ती अजून."

"मी पास केली," ती म्हणाली. "सामान ठेवा."

तिला उठायला-बसायला सोबत हवी म्हणून मीही निघाले. आमचे मिस्टर म्हणाले, "जा, तेवढीच घराला शांतता." होशंगाबादच्या पुलावरून सुमनताईने नाणं नदीत टाकलं, पलीकडच्या घाटावर आम्ही संकल्प सोडला. मी माझा, आणि त्या दोघांनी जोडीने. सुमनताईला जोडीनेच हवी होती. एकदा संकल्प सोडला की नदी उजव्या हाताला ठेवून जायचं आणि ती ओलांडायची नाही, हा नियम. ओलांडली की परिक्रमा मोडली. भाऊजींना देवाधर्माचं फारसं नव्हतं, पण नियम म्हटल्यावर ते देवापेक्षा कडक. वाटेत एखादा ओढा दिसला तरी नकाशा काढून खात्री करायचे, "ही मैयाची धार तर नाही ना?" रोज सकाळी बाटलीतल्या नर्मदाजलाची पूजा करायचे, सुमनताईच्या हातात फूल धरवायचे. गाडी खडखडत होती, पण एकदाही बंद पडली नाही. सुमनताई खिडकीशी पडून नदी बघायची आणि पोरीसारखी हसायची.

असे रमतगमत आम्ही समुद्रापर्यंत आलो. तिथे नदीचं मुख आडवं येतं. परिक्रमावासी नावेतून पलीकडे जातात, ते ओलांडण्यात धरत नाहीत. गाडी मात्र लांबून मोठ्या पुलावरून न्यायची, आणि ती चालवणारा परिक्रमेतला नसावा. भाऊजींनी गावातला एक ड्रायव्हर ठरवला होता. चांगला तरणाताठा, ट्रक चालवणारा. त्याने पहिला गिअर टाकला आणि गाडी सरळ मागे जाऊन आश्रमाच्या कडब्याच्या गंजीत घुसली. दुसऱ्यांदा तो ब्रेक दाबत राहिला आणि गाडी चालतच राहिली, समोरची गाय बाजूला झाली म्हणून वाचली. तो उतरला, कानाला हात लावला. "काका, इसमें तो सब उल्टा है. मेरे बच्चे छोटे हैं." आणि जो गेला तो गेला.

इकडे भरती आलेली. नाववाला हाका मारत होता, भरती काही कुणासाठी थांबत नाही. सुमनताईला चौघांनी उचलून नावेत बसवलं होतं. भाऊजी चिखलातून आले आणि जलाची बाटली माझ्या हातात दिली.

"वहिनी, हिला सांभाळा. मी पुलावरून येतो."

सुमनताई ओरडलीच. तिला ओरडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "अहो, तुमची मोडेल! सोडा ती गाडी इथेच!"

"आणि पुढे तू कशाने जाशील? मोडू दे माझी." मग खाली बघत म्हणाले, "दुसऱ्या कुणाला चालवताच येऊ नये अशी गाडी मी बनवली. चूक माझ्या कामात आहे. तिची शिक्षा तुला कशाला?"

नाव सुटली. सगळे "नर्मदे हर" म्हणत होते, सुमनताईचे ओठ मिटलेले. किनाऱ्यावर भाऊजी पँट वर दुमडून उभे होते. आम्ही दिसेनासे होईपर्यंत हललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी पलीकडे आले ते नापास झालेल्या पोरासारखे. आणि मग त्यांनी आपल्यालाच शिक्षा लावून घेतली. पूजेला बसेनात, दूर उभे राहायचे. गंध लावायचे नाहीत. आश्रमात महाराजांनी विचारलं, "परिक्रमावासी?" की म्हणायचे, "ये दोनों हैं. मैं ड्राइवर हूँ." पंगतीत आम्हाला आधी वाढलं जायचं, हे नंतर बसायचे. मी म्हटलं, "भाऊजी, कोण बघतंय? जरा सोडा ना!" तर म्हणाले, "वहिनी, आपणच तपासायचं आणि आपणच सोडायचं, असं नसतं." सुमनताई सगळं बघायची. उत्तर तीर संपला, अमरकंटकला उगमाला वळसा घालून परत दक्षिण तीर धरला, तरी ती त्यावर एक शब्द बोलली नाही. तिला काही सुचत नाहीये असं मला वाटलं. मी किती ओळखत होते तिला!

आता दोघंही नाहीत. आधी ती गेली. अवधपुरीच्या घरात शेवटची दोन वर्षं ती अंथरुणावर होती, भाऊजी तिची वेणीसुद्धा घालायचे, आणि भांग सरळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. मग तेही गेले. घरगाडी मुलीने मुन्नेभाईंच्या पोराला दिली. अवधपुरीच्या त्या घराच्या जागी आता तीन मजली इमारत आहे. तिच्यासमोरून जाते तेव्हा मला होशंगाबादचा तो घाट आठवतो, परिक्रमा पुरी झाली त्या सकाळचा.

पंडितजींनी आम्हा दोघींना पाटावर बसवलं. कन्यापूजन झालं, शिरा झाला. भाऊजी वरच्या पायरीवर गाडीची किल्ली हातात धरून उभे. पंडितजी म्हणाले, "माताजी, परिक्रमा पूर्ण हुई, फल आपका." सुमनताई म्हणाली, "पूरा नहीं चाहिए. आधा इनका. जल छुड़वाइए."

पंडितजी घुटमळले. "माताजी, वो तो पुल से..."

"मुझे मालूम है वो कहाँ से गए. किसलिए गए, वो भी मालूम है. छुड़वाइए."

भाऊजी वरूनच म्हणाले, "अगं, असं अर्धं-अर्धं होत नसतं. नियमात नाही."

"खाली या," सुमनताई म्हणाली. "जोडीने म्हटलं होतं ना मी? हात पुढे करा."

ते आले. किल्ली खिशात घातली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. दान देताना सोडतात ते पाणी पंडितजींनी तिच्या ओंजळीत घातलं. पण तिची बोटं वाकडी, ओंजळ कुठून मिटणार? मंत्र संपायच्या आतच पाणी सगळ्या फटींतून गळायला लागलं. भाऊजींनी झटकन दोन्ही हात तिच्या हातांखाली लावले. बोटं इतकी घट्ट आवळली होती की पेरं पांढरी पडली. थेंब खाली पडू दिला नाही.

"माझं अर्धं यांना," सुमनताई म्हणाली.

ते पाणी भाऊजी प्यायले. तीर्थ घेतल्यावर फिरवतात तसा ओला हात डोळ्यांवरून फिरवायला वर नेला, आणि तो तिथेच राहिला.