इवाईभेटीच्या आधी

“दारू सुटली गा, पण वास सुटून नाही राहिला,” असं रुपराव एकदा म्हणाला होता. हसत म्हणाला होता. ते हसू ओठांच्या पुढे गेलं नव्हतं.

तो लकडगंजात फर्निचरला पॉलिश करतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाची पुरचुंडी त्यात बुडवायची आणि लाकडावर हात गोल फिरवत राहायचं, त्यात आपला चेहरा दिसेपर्यंत. पिण्याच्या शेवटच्या दिवसांत बाटली मिळाली नाही की त्यानं हेच स्पिरिट फडक्यातून गाळून घेतलं होतं. घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यावर तो पुन्हा त्याच कामावर गेला तेव्हा कुणी अडवलं नाही, कारण दुसरं काम त्याला येत नव्हतं. पण कुणी निश्चिंतही झालं नाही.

बायको शामला हिनं मग एक रीत घालून दिली. संध्याकाळी त्यानं अंगणातल्या नळावर हात घासायचे, कामाचे कपडे दोरीवर टाकायचे आणि उंबऱ्यात उभं राहून तिच्या तोंडावर श्वास सोडायचा. ती डोळे मिटून वास घ्यायची. सकाळी केंद्रानं दिलेली गोळी ती स्वतः त्याच्या जिभेवर ठेवायची. गिळल्यावर तो तोंड उघडून दाखवायचा. ही गोळी पोटात असताना दारू गेली तर माणूस लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या येतात. शेजारणी नळावर असल्या की रुपराव श्वास जरा हळू सोडायचा. एवढीच त्याची तक्रार.

त्या रविवारी मुलीचं, मिनलचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. मुलाकडचे काटोलचे. मुलाचे वडील गणपतराव संत्र्यांचे व्यापारी. त्यांच्या घरात दारूचं नावही चालत नाही. रुपरावच्या पिण्याबद्दल त्यांना सांगितलेलं नव्हतं. “सुटलीच आहे, तं आता सांगाचं काहून?” असं शामलाचा धाकटा भाऊ कृष्णकांत म्हणाला होता, आणि सगळ्यांना ते सोयीचं वाटलं होतं.

सकाळीच दुकानाच्या शेठचा फोन आला. रामदासपेठेतल्या एका फ्लॅटमधली अलमारी अर्धी राहिली होती आणि घरमालक संध्याकाळी राहायला येणार होता. ज्या माणसानं कामावर परत घेतलं त्याला नाही म्हणणं रुपरावला जमलं नाही. दुकानातली शेड उघडी, वाऱ्याची. फ्लॅटमध्ये मात्र ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून त्यानं खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला. दुपारपर्यंत अलमारीत चेहरा दिसू लागला. तो लाल होता. कानांतून वाफ निघावी तशी आग होत होती. दोनदा ओकून तो ऑटोत बसला.

घरापुढच्या मांडवात पाहुणे आले होते. तो मागच्या गल्लीनं स्वयंपाकघरात शिरला आणि भिंत धरून उभा राहिला.

कृष्णकांतनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. “भाऊजी, आजच्या दिवशी तरी!”

“पेलो नाही गा.”

“पेलो नाही म्हणे! टमाटरासारखे लाल झाले, भितीले धरून चालून राहिले. स्पिरिट गाळलं असन, दुसरं काय!”

“शामला, तू पाह्य.” रुपरावनं श्वास सोडला. तिनं वास घेतला. मग त्याचे हात नाकाशी नेले, पुन्हा तोंड. तोंडाला ओकारीची आंबूस घाण, हाताला स्पिरिट. इतके महिने कामी आलेलं तिचं नाक आज काहीच सांगत नव्हतं.

“मले समजून नाही राहिलं,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत जुनी भीती परत आली होती.

रुपरावनं केंद्रात गोळी सुरू करून देणाऱ्या प्रीतीताईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. छाती धडधडते आहे, असं सांगितलं.

“काका, आज काम काय केलं?”

“अलमारीले पॉलिश.”

“कशाचं पॉलिश?”

“लाख न् स्पिरिट.”

“मला तर तुम्ही लाकडाचं काम म्हणाला होता.”

“लाकूडच आहे ना थे.”

“काका, स्पिरिट म्हणजे दारूच. बंद खोलीत तुम्ही ती नाकानं घेत होता. गोळीनं तुम्हाला लाल केलं. आता मोकळ्या हवेत बसा, सेंटसुद्धा लावू नका, त्यातही स्पिरिटच असतं. छातीत दुखलं तर सरळ दवाखाना. आणि हे काम सोडावं लागेल.”

शेवटच्या वाक्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, फक्त रुपरावचं. शामलानं पदर तोंडाशी धरला होता. कृष्णकांत मान खाली घालून म्हणाला, “मले काय माहीत, भाऊजी.”

बाहेरून गणपतरावांचा आवाज आला. “इवाई आले काय? सुपारीले उशीर होऊन राहिला!”

कृष्णकांत घाईनं मांडवात गेला. “बीपीचा त्रास झाला त्याईले, झोपले आहेत. इवाईभेटीले मी उभा राहतो.”

इवाईभेटीत दोघं व्याही एकमेकांच्या गळ्यात पडतात, आधी या खांद्यावर, मग त्या खांद्यावर, गालाला गाल लागतो. ती भेट झाल्याशिवाय सुपारी फुटत नाही.

“मामाचा मान लग्नात,” गणपतराव म्हणाले. “आज बाप पाहिजे. बरं नसन तं पुढच्या महिन्यात करू. आमाले काय, संत्री थोडीच सडून राहिली!”

मांडवात कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. पुढच्या महिन्यात म्हणजे सोयरीक मोडल्यातच जमा, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना कळलं. कृष्णकांत परतला तो हातात सेंटची बाटली घेऊन. “थोडं मारा न् दुरूनच भेटा.”

“दुरून इवाईभेट होते काय गा?” रुपरावनं बाटली त्याच्याच हातात परत दिली.

“त्याईनं वास घेऊन इचारलं तं काय सांगसान?” शामलानं विचारलं.

“जे आहे थे.”

“गोळीचंही?”

“गोळीचंही.”

“अन् मोडलं तं?”

दारात मिनल उभी होती, नव्या साडीत. तिनं सगळं ऐकलं होतं. लहानपणी बाप लाल होऊन घरी आला की ती पलंगाखाली जायची. आता ती जागची हलली नाही.

“मोडलं तं मोडलं,” ती म्हणाली. “पण मामा नको.”

रुपरावनं तोंडावर पाणी मारलं. लाली उतरली नाही. शामलानं खुंटीवरचा धुतलेला सदरा दिला. तो घालून त्यानं गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या. पडद्याच्या फटीतून गणपतराव दिसले. ते उठून उभे राहिले होते, निघण्यासाठी की भेटण्यासाठी, ते कळत नव्हतं.

शामला काहीतरी म्हणणार होती. रुपरावनं पडदा सारला आणि दोन्ही हात पसरून तो मांडवात गणपतरावांकडे निघाला.