धाब्यावरची बादली

नव्वदच्या आसपास आम्ही धुळ्यात धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरात भाड्याने राहत होतो. श्रावणात धाबं गळू लागलं, तसा मी घरमालक आबांवर चारचौघांत ओरडलो, "वर्षाला दोन पाट्या माती टाकायला काय होतं तुम्हाला?"

सत्तरीचे आबा शिडीने वर चढले. मला खाली उभ्या उभ्या आठवलं: वर झोपायला गार वाटावं म्हणून उन्हाळाभर रोज संध्याकाळी मीच धाब्यावर बादल्या ओतल्या होत्या. माती त्यानेच वाहून गेली होती.

आबा उतरले ते माझी वर विसरलेली बादली घेऊन. ती माझ्या दाराशी ठेवून ते चूक स्वतःवर घेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं अहिराणीत म्हणाले, "माटी जुनी हुई गई, भाऊ. मनीच चूक शे."

आणि मी निर्लज्जासारखा म्हणालो, "मग आता तरी टाका लवकर."