पसरट पडदा

मुलुंडच्या घरातल्या कॉम्प्युटरवर सगळं पसरट दिसायचं. वैतागून मी दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आधी पडद्याच्या कोपऱ्यात माउसने एक वर्तुळ काढलं. "मी असंच तपासते. बघा, अंडं झालंय! रेझोल्यूशनची पार वाट लागलीये," असं म्हणत त्यांनी सेटिंग बदललं.

वर्तुळ गोल झालं. पण त्याच्या मागचा आईचा फोटोही बदलला. शेवटच्या आजारपणातला तो फोटो. इतकी वर्षं पसरट पडद्यावर ती चांगली भरलेली दिसायची. बाबा खुर्चीतून पुढे वाकले.

"ही एवढी वाळली होती?"

पडद्यावर चौकट आली होती: बदल ठेवायचा का? काहीच दाबलं नाही, तर थोड्या वेळाने जुनं सेटिंग आपोआप परत येतं. बाईंनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने चौकट आपोआप गेली. आईचे गाल पुन्हा भरले.

"काका, तुमच्या मशीनला हेच सेटिंग सूट होतं," म्हणत त्यांनी पर्स उचलली.

आता बाबाही नाहीत. अक्षरं अजून पसरटच दिसतात. मी कुणाला बोलावलेलं नाही.