आईच्या दाढेतली मिश्री

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण त्या अभिमानापायी आईची एक दाढ गेली, हेही लिहून ठेवते.

आईच्या खालच्या दाढेजवळ हिरडीवर एक पुळी कित्येक वर्षं होती. फुटायची, पू यायचा, बसायची. ठणका लागला की आई दाढेच्या खड्ड्यात चिमूटभर मिश्री दाबायची. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड आमच्या कात्रजकडच्या जुन्या बायकांच्या कनवटीलाच असते. भाकरी चावायला तिला त्या दाढेची तेवढी एकच बाजू उरली होती, म्हणून मी तिला शनिवार पेठेतल्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

मिश्री लावता का, डॉक्टरांनी आईला विचारलं. तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "छे, आमच्याकडे कोणी लावत नाही." आईनं माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनी तिच्या तोंडावर निळं रबर ताणलं, दाढ तेवढी बाहेर ठेवली. बारीक सुईनं मुळांत औषध सोडायचं, ओढून घ्यायचं, पुन्हा सोडायचं. खोलीभर पोहण्याच्या तलावासारखा वास. सगळं काम या धुण्यातच आहे, म्हणाले. शेवटी आत औषध भरून वर तात्पुरतं सिमेंट लावलं. निघालं तर आत काही घालू नका, त्याच दिवशी या, असं बजावलं.

सिमेंट चार दिवसांत निघालं. मी ऑफिसात. ठणका लागला तशी आईनं सवयीनं मिश्री दाबली, आणि मला सांगितलंही नाही. कशाला सांगेल? आमच्याकडे कोणी लावतच नव्हतं ना.

पुढच्या खेपेला दाढेतून काळं पाणी आलं. डॉक्टरांचा हात थांबला. हे काय, म्हणाले. रबराखाली आई काहीतरी पुटपुटली. मी घाईनं म्हणाले, "आयुर्वेदिक दंतमंजन असेल."

"मंजन दाताला बाहेरून लावतात, मॅडम."

त्यांनी पुन्हा धुतलं, पुन्हा बंद केलं. सिमेंट पुन्हा निघालं, मिश्री पुन्हा आत गेली.

तिसऱ्या खेपेला पुळी परत आलेली आणि दाढ उभी चिरलेली. काढायलाच लागेल, डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी तोंडावर रबर नव्हतं. आई खुर्चीत सरळ बसली.

"डॉक्टर, मी मिश्री लावते. ल्हानपनापास्नं. त्या भोकातबी भरली. पोरीला लाज वाटती, म्हनून बोलले न्हाई."

डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आजी, मागच्या वेळी कळलं असतं तर दाढेभोवती धातूचं कडं बसवून भोक पक्कं बंद केलं असतं. कदाचित वाचली असती."

दाढ काढून परतताना रिक्षात मी काही बोलायला गेले, तर आईनं दाताखालच्या कापसाकडे बोट दाखवलं. बोलता येत नाही म्हणून.

आता ती भाकरी आमटीत कुस्करून खाते. मिश्री अजून लावते, मी घरात नसताना. डबी चुलीमागच्या फळीवर असते, मला माहीत आहे. माझ्यासमोर लाव, एवढंच तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.